पाचवा टोल

शनिवारी दुपारी बारा वाजता विद्यापीठाच्या सभागृहात मतदान सुरू झालं. मतपत्रिका नव्हत्या. सायक्लोस्टाइलचं मशीन चालवणारे दोघंही बावीस दिवसांपासून संपावर होते, आणि बाहेरच्या छापखान्यातून मतपत्रिका आणणं म्हणजे संप फोडल्यासारखंच झालं असतं. तोडगा एम. ए.च्या द्वारकानं काढला. दारात प्रत्येकाला ज्वारीचा एक दाणा आणि एक हरभरा. आत पडद्यामागं माठ. ज्वारी टाकली तर कर्मचाऱ्यांच्या संपाला पाठिंबा आणि सोमवारच्या परीक्षेवर बहिष्कार. हरभरा टाकला तर परीक्षा.

मोजणीही द्वारकाकडंच होती, कारण दोन्ही बाजू तिला सारख्याच घाबरून होत्या.

साडेबारालाच एकजण पडद्यामागून परत आला. "ताई, अजून एक हरभरा द्या."

"का?"

"पहिला खाल्ला."

"मग ज्वारी हाय ना हातात? तीच टाक की," बिरू दारातूनच म्हणाला. रांग खदखदून हसली.

"बिऱ्या, दारात प्रचार नको," आप्पासाहेब ओरडला. गंगापूरकडच्या ऊसवाल्या घरातला हा पोरगा विरोधी गटाचा पुढारी होता. पण नुसता तोंडाळ नव्हता. "माझ्या मागची पोरंबी गरिबाचीच हायेत. त्यांचं वर्ष गेलं तर तू भरून देशील?"

बिरू रांग सरळ करू लागला. तो बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा बाप मुंजाबा याच विद्यापीठात शिपाई होता, अठरा वर्षं रोजंदारीवर. कायम करा, एवढीच संपाची मागणी. सोमवारची परीक्षा पार पडली की संपाची ताकद संपणार आणि मुंजाबासारखे चाळीसजण घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुख्य इमारतीच्या पोर्चात पितळी तास टांगलेला होता. अठरा वर्षं त्यावर मुंजाबानंच टोल दिले. शेवटचा टोल दिला की तो पितळेवर तळहात दाबायचा आणि नाद जागीच तोडायचा. नाद लांबला की पोरं पुढचा टोल मोजत बसतात, असं त्याचं म्हणणं. संपाच्या तिसऱ्या दिवशी कुलगुरूसाहेबांच्या ड्रायव्हरनं टोल देऊन पाहिले, तर नाद असा घुमत राहिला की फाटकाजवळ मांडव घालून बसलेले संपवाले पोट धरून हसले. तेव्हापासून तास मुका होता.

तीनच्या सुमारास मुंजाबा भाकरीचं फडकं घेऊन आला. अंगात कामावरचा खाकी कोट होता. बावीस दिवसांनी आजच.

"आबा, कोट? कलेक्टरकडं जायचंय काय?"

"जायचंय जरा." तो पायरीवर टेकला. "खा आधी. सकाळपास्नं उपाशी हायेस."

बिरूनं उभ्यानंच घास घेतला. मुंजाबा रांगेकडं बघत राहिला.

"पिशोरच्या शाळेचं मास्तरकीचं पत्र आलंय म्हणं तुला. जूनला हजर व्हा, पदवी घेऊन."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अठरा वर्षं टपाल वाटलंय मी."

"पुढच्या साली दुसरी शाळा बघू. आधी तुमचं व्हाया पायजे."

मुंजाबानं फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "नंबर कोणत्या खोलीत आलाय?"

"सातमध्ये. पण पेपर व्हईल तव्हा ना!"

"सातची खिडकी नीट लागत नाय. डोळ्यावर ऊन येतं. भिताडाच्या बाजूनं बस."

"आबा, तुम्ही मांडवात जा. पाचला निकाल घेऊन येतो. लई जवळचं हाय."

"व्हय," म्हणून मुंजाबा उठला आणि लिंबांच्या सावलीतून चालू लागला.

सव्वाचारला कन्नडहून जीप आली. गावाकडं गेलेली अकरा पोरं भरलेली, दोघं टपावर. बिरूनं त्यांना अक्षरशः हाताला धरून रांगेत उभं केलं. चार पंचविसाला दारात कुणी उरलं नाही, तेव्हा द्वारकानं त्याच्याकडं पाहिलं.

"बिरू, तू टाकलंस का?"

तो विसरलाच होता. पडद्यामागं गेला. खिशातलं पत्र छातीला टोचत होतं. त्यानं ज्वारी माठात सोडली. हरभरा खिशात, पत्राशेजारी पडला.

द्वारकानं माठ दोन परातींत पालथा केला. दाणे चारशे पंधरा, नोंदवहीत नावंही तितकीच. दहा-दहाच्या ढिगल्या लागत गेल्या. एकदा हरभरा पुढं, एकदा ज्वारी. आप्पासाहेब नखं खात होता. पहिल्यांदा मोजून झालं तेव्हा द्वारकानं ढिगल्या मोडल्या. तिनं पुन्हा मोजलं.

"ज्वारी दोनशे आठ. हरभरा दोनशे सात."

छप्पर उडेल असा ओरडा झाला. कुणीतरी गुलाल उधळला. आप्पासाहेब पुढं आला आणि त्यानं बिरूचा हात हातात घेतला. "एका दाण्यानं मारलंस, गड्या. आता आमच्यातला एकबी पेपरला बसणार नाय, शब्द." दुसऱ्याच क्षणी त्यानंच बिरूला खांद्यावर घेतलं.

चारशे पोरं फाटकाजवळच्या मांडवाकडं धावत निघाली. घोषणांनी घसे फाटले. मांडवातले संपवाले उठून उभे राहिले, टोप्या हवेत उडाल्या. बिरू खांद्यावरून त्यांच्यात खाकी कोट शोधत होता. एक सदरा, दुसरा सदरा, धोतरं, पागोटी. कोट दिसेना.

मागून टोल पडला.

घोषणा अर्ध्यातच थांबल्या. दुसरा टोल. आप्पासाहेबानं बिरूला हळूच खाली उतरवलं. सगळ्या माना पोर्चाकडं वळल्या. "ड्रायव्हर असंल," कुणीतरी म्हणालं. तिसरा. चौथा.

पाचवा टोल पडला, आणि त्याचा नाद जागीच तुटला.