एडिंबराचं उत्तर

सतराशे चौसष्टच्या हिवाळ्यात आलेलं ते पत्र आठवलं की एडिंबराच्या म्हाताऱ्या डॉक्टर गिलख्रिस्टांच्या घशाखाली ओटची पेजही उतरत नसे. दूर डोंगरातल्या मर्डॉक रॅट्रेने आपल्या पोटदुखीचं तीन पानी वर्णन लिहून सल्ला मागितला होता. रक्त काढायला सांगावं की रेच द्यावा, हे ठरवायला डॉक्टर ग्रंथ चाळत बसले आणि आठ महिने उलटले.

"मेला असेल हो बिचारा," ते म्हणत.

"आणि बायको तुमच्या नावाने खडे फोडत असेल," घर सांभाळणारी एल्स्पेथ म्हणे.

आज त्या बायकोचंच पत्र आलं.

'गावचा न्हावी रोज रक्त काढायला वस्तरा आणि जळवा घेऊन दारात यायचा. मी ठणकावलं, एडिंबराचं उत्तर येईपर्यंत माझ्या नवऱ्याला हात लावायचा नाही! वाट बघता बघता हे ठणठणीत बरे झाले. पण कालपासून यांचं डोकं दुखतंय आणि न्हावी पुन्हा दारात उभा आहे. काय करू?'

डॉक्टरांनी ग्रंथ मिटला आणि आयुष्यात पहिल्यांदाच उलटटपाली उत्तर धाडलं.



'सविस्तर सल्ला लवकरच पाठवतो. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका.'