दीड किलो मटार

"साहेब, मटार घेताय का पोरगी बघताय?" आनंदीबाईंनी विचारलं.

केयूर हसला आणि हातातली शेंग दिव्याच्या उजेडात धरून पुन्हा पाहिली. फुगीर, टणक, देठाशी हिरवीगार. अशाच हव्या होत्या. ऑफिसातून परतताना सोसायटीच्या गेटबाहेर आनंदीबाईंच्या पाटीपुढे उकिडवं बसायचं आणि एकेक शेंग निवडून तराजूत टाकायची, दिवसभरातली एवढी दहा मिनिटं त्याची स्वतःची होती. वर घरात काय असेल ते त्याला ठाऊक होतं.

"सोललेलं बी हाय की पिशवीत. ते न्या. बायकोचा ताप वाचंल."

"सोलायलाच हवेत, मावशी," तो म्हणाला. "दीड किलो करा."

दार मंदाकिनीबाईंनी, त्याच्या बायकोच्या, ऋचाच्या आईंनी उघडलं. खांद्यावर बाळ झोपलेलं. तीन महिने होऊन गेले होते, तरी त्याला सगळे बाळच म्हणत. बारसं राहिलं होतं. नाव काय ठेवायचं हे ऋचाला दोनदा विचारून झालं होतं, आणि दोन्ही वेळा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"आज?" केयूरने विचारलं. हल्ली एवढ्या एका शब्दात त्याचं सगळं विचारून व्हायचं.

"दुपारी दोन घास खाल्ले." मंदाकिनीबाई हळू आवाजात बोलत होत्या. "मी बाळाला तिच्या मांडीवर देऊन पाहिलं. रडत होती हो पोर. तर हिने उचलून बाजूला ठेवली, उशी ठेवावी तशी. आणि बसून राहिली."

केयूरने बूट काढले. उद्या सकाळी मंदाकिनीबाई कात्रजला परत जायच्या होत्या. तिकडे ऋचाच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकलून झालं होतं. उद्यापासून वाघोलीच्या या घरात ही तिघंच. त्याने घरून काम करायची परवानगी काढली होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, गोळ्यांना वेळ द्या. किती, ते त्या म्हणाल्या नव्हत्या.

"मी जाऊ की राहू, ते तुम्ही सांगा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमचा शब्द."

"हात-पाय धुऊन येतो," केयूर म्हणाला.

मग त्याने हॉलमध्ये कालचा पेपर पसरला, मधे पातेलं ठेवलं आणि शेंगा ओतल्या. दर हिवाळ्यात हा त्या दोघांचा उद्योग असायचा. सोलता सोलता निम्मे दाणे ऋचाच्या पोटात जायचे, आणि वर तीच म्हणायची की आनंदीबाई काटा मारतात.

"ऋचा, मटार आणलेत. गोड आहेत."

त्याने बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. त्याने पुन्हा हाक मारली नाही. एक शेंग फोडली. दुसरी जरा जोरात फोडली, आवाज आत जाईल अशी. तिसरी. दहावी. मग पावलं वाजली.

ती दाराशी उभी होती. वेणी परवाची. तिने शेंगांकडे पाहिलं, आणि येऊन त्याच्या समोर मांडी घालून बसली. एक शेंग उचलली.

स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनीबाई आल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, केयूरकडे पाहून मान हलवली आणि आत वळल्या. "मटारभातच टाकते," आतून आवाज आला. "तिला आवडतो." पाठोपाठ नळाचा आवाज, आणि बाळाशी काहीतरी लाडाचं बोलणं.

"थंडी पडलीये ना," ऋचा म्हणाली.

तीन आठवड्यांत ती आपण होऊन काही बोलली नव्हती.

"हो. स्वेटर देऊ?"

"नको."

तिचा अंगठा पूर्वीसारखाच चालत होता. शेंगेच्या पोटावर दाब, टच्, आणि एका ओढीत मोकळी. केयूर तिला आनंदीबाईंचं बोलणं सांगू लागला, पोरगी बघताय का म्हणाल्या ते. तिचा ओठ हलल्यासारखा वाटला. तो सांगतच राहिला. आता लवकरच हरभऱ्याच्या गड्ड्या येतील, त्या आणू. मग बोरं. रविवारी बाळाला घेऊन खाली उन्हात बसू. पातेल्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आईंना उद्या खुशाल जा म्हणून सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं.

"एकही तोंडात टाकला नाहीस," तो म्हणाला, आणि तिला मूठभर दाणे द्यावेत म्हणून त्याने पातेल्यात हात घातला.

हाताला टरफलं लागली.

त्याने खाली पाहिलं. पातेलं टरफलांनी भरत आलं होतं. त्याने सोललेले दाणे त्यांच्याखाली बुडून गेले होते. तिचे दाणे पेपरवर कचऱ्याच्या ढिगात पडत होते, काही घरंगळून तिच्या गुडघ्याखाली गेले होते, काही चिरडले होते. ऋचाने आणखी एक शेंग फोडली. दाणे ढिगावर टाकले. टरफल नीट जपून पातेल्यात ठेवलं. तिचा चेहरा शांत होता, काम मनासारखं चाललेल्या माणसाचा असतो तसा.

"केयूर, दाणे झाले का?" मंदाकिनीबाईंनी आतून विचारलं. "आधण आलंय."

"होताहेत, आई."

त्याने पुढची शेंग घेतली. फोडली. दाणे पेपरवर सांडले, आणि टरफल तिच्या टरफलांवर अलगद ठेवलं.