टोपलीत ठेवा

“कार्टमध्ये टाका” हे बटण सासूबाईंना मुळीच पसंत पडलं नाही.

“कपडे मी शिवायचे आणि लोकांनी ते कार्ट्याच्या अंगावर टाकायचे?”

“कार्ट म्हणजे गाडी, आई. दुकानात ढकलतात ती.”

“मग गाडी म्हण. नाहीतर सरळ टोपली म्हण. या घरात कार्टं एकच होतं.”

सुनेने कीबोर्ड पुढे ओढला. तिने बटण बदललं: टोपलीत ठेवा. ते कार्टं, म्हणजे तिचा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं.

तेव्हापासून सासूबाईंचं शिलाई मशीन बंद होतं. अर्ध्या गावाचे कपडे शिवलेली बाई खिडकीशी बसून समोरची भिंत बघायची. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. सून घरूनच संगणकावर नोकरी करायची. यांना खिडकीपासून उठवायचं, एवढं एकच तिने मनावर घेतलं आणि ती कपड्यांचं ऑनलाइन दुकान बांधायला बसली.

“एकटीच करणार?”

“हो. समोरचं दुकान, मागचं कोठार, पैसे घ्यायची सोय, सगळं.”

“म्हणजे अस्तरासकट.”

दुकान उघडलं. झोकात उघडलं. गिऱ्हाईक तेवढं आलं नाही. सासूबाई रोज चहाच्या वेळी विचारायच्या, “कुणी फिरकलं का ग?” आणि उत्तर ऐकून खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवायच्या.

शेवटी पहिलं गिऱ्हाईक सुनेने स्वतःच जन्माला घातलं. परगावची एक नर्स, अंगाने भरदार. तिला पिवळा ड्रेस हवा होता. मग एक प्राध्यापिका झाली, मग बँकेतली एक बाई. मापं सुनेने मनानेच भरली. पैसे तिच्या एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात येत. वाटेत बँक आपला घास घेई.

मशीन पुन्हा घरघरू लागलं.

“कंबर चव्वेचाळीस आणि दंड नऊ,” प्राध्यापिकेची मापं बघून सासूबाईंनी चष्मा वर सारला. “बाई आहे की सुरई?”

“असतात हो एकेकीची मापं.”

“असतील बाई. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवांच्या अंगाचा काय भरवसा?” बोलता बोलता त्यांनी सुनेच्या दंडाला टेप गुंडाळली. “आणि तू बघ. झाडूची काडी. त्याचे शर्ट घालून हिंडतेस, हँगर चालल्यासारखं दिसतं.”

सून हसून तिथून उठली.

सासूबाई प्रत्येक कपडा इस्त्री करून कागदात बांधत आणि पार्सल सुनेच्या हातात देत. ‘टपालात टाकून येते’ म्हणून ती निघे, कोपऱ्यापर्यंत जाई आणि मागच्या दाराने परत येई. पार्सल तिच्या खोलीतल्या दिवाणाच्या कप्प्यात जाई. अभिप्रायही तीच लिही. “बाही सुरेख बसली,” असं नर्सच्या नावाने तिने वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

“घालून बघितला म्हणते?”

“हो ना. फार आवडला तिला.”

“मग फोटो नाही पाठवायचा?” त्या सुईत दोरा ओवू लागल्या. “एकीनेही अजून पाठवला नाही.”

आणि एक दिवस खरंच गिऱ्हाईक आलं. सुनेने न ठेवलेल्या नावाचं. एक शाळामास्तरीण, पिवळाच ड्रेस, माप जवळपास नर्सचंच, आणि समारंभ तोंडावर आलेला. मशीनची मोटर नेमकी आदल्या दिवशी जळाली होती. कारागीर मशीन उचलून घेऊन गेला होता.

“कळव तिला, नाही जमणार,” सासूबाई म्हणाल्या. खुर्ची खिडकीकडे वळली होती.

इतक्या दिवसांचं खोटं एका खऱ्या गिऱ्हाइकापायी उघडं पडायची वेळ आली नव्हती, पण वाया जायची आली होती. ही खुर्ची आता तिकडेच राहिली तर पुन्हा फिरायची नाही.

“थांबा, आई. बघते काहीतरी.”

तिने खोलीचं दार लावून घेतलं. दिवाणाची फळी उचलली आणि नर्सचं पार्सल फोडलं. वरच्या चिठ्ठीवर छाती चव्वेचाळीस होती. आतला पिवळा ड्रेस हातात घेतला, तर तो चांगलाच अरुंद. पार्सलं बदलली असतील म्हणून तिने प्राध्यापिकेचं फोडलं. मग बँकेतल्या बाईचं. मग उरलेली सगळी. तिने ड्रेस जमिनीवर एकावर एक पसरले. खांद्यावर खांदा, कमरेवर कंबर. बोटभराचाही फरक नव्हता.

त्यातला पिवळा तिने अंगाला धरला; खांदे तिच्याच मापाचे होते. मग तिने नवऱ्याचा शर्ट उतरवला आणि तो ड्रेस डोक्यावरून अंगात घातला.

दाराबाहेर पावलं येऊन थांबली.

“काखेत काचत नाही ना ग?” सासूबाईंनी विचारलं.