पंचमीचा मुराळी

पंचमीच्या सकाळी चतुराबाई स्वतःच्याच घराच्या दारात पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत गाठोडं. आत यायला तयार नाहीत. ओसरीवर चहा पीत बसलेल्या बद्रीनाथला, म्हणजे पोटच्या लेकाला, त्या म्हणाल्या, "राम राम पावणं. मुराळी आलाय. लेकीला पंचमीला धाडता का?"

बद्रीनाथ आधी हसला. मग आईचं तोंड बघून हसायचा थांबला. "धाडतो," म्हणाला.

चुलीपाशी सुनेच्या, प्रयागच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. दोन दिवस गारखेड्यातल्या सुनांना माहेरी न्यायला भाऊ मुराळी होऊन येत होते. न्यायला कुणी आल्याशिवाय पंचमीला उंबरा ओलांडायचा नाही, हा रिवाज. प्रयागला भाऊ नव्हता. बापाचे गुडघे गेलेले, पावसापाण्याचा तो वेरूळहून यायचा नाही. उन्हाळ्यात बद्रीनाथ शिकवायचा त्या शाळेला सुट्टी लागली की तोच तिला बापाकडं पोचवायचा. गेल्या पौषात बापही गेला आणि घर भावकीनं घेतलं. प्रयागचं माहेर सरलं, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या. वाईट काही बोलल्या नव्हत्या. होतं तेच बोलल्या.

एस.टी.त चार वर्षांची चिंगी आजीच्या मांडीवर बसून विचारत राहिली, आपण कुणाकडं चाललोय. प्रयागलाही तेच विचारायचं होतं. वेरूळला उतरल्यावर चतुराबाई गावाकडं वळल्याच नाहीत. लेण्यांच्या रस्त्यानं सरळ चालायला लागल्या. तेव्हा कुठं प्रयागच्या ध्यानात आलं.

वेरूळचा धबधबा चतुराबाईंनी एकदाच पाहिला होता. सून बघायला आल्या तेव्हा, ऐन वैशाखात. प्रयागच्या बापानं मोठ्या कौतुकानं नेलं, तर कड्यावर ओघळाचा काळा डाग तेवढा. तेव्हापासून घरात टोमणा झाला. पोरीला झोपवताना प्रयाग माहेरच्या पाण्याची गोष्ट सांगायला लागली की या पलीकडून म्हणायच्या, तिथं मी पापड वाळत घातले असते. चिंगीनंही तो उन्हाळ्यातच पाहिलेला, त्यामुळं आई लबाड बोलते हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. बापाच्या दहाव्याला आली तेव्हा प्रयाग कड्याखाली एकटीच जाऊन उभी राहिली होती. करंगळीएवढी धार होती. ती डोळ्यांना लावून परतली होती.

वळणावर आधी आवाज आला. चिंगीनं आजीचं बोट घट्ट धरलं. मग कडा दिसला. वरून येळगंगा नदी कोसळत होती, पांढरीफेक. खाली कुंडात नुसता धूर, आणि लेण्याच्या तोंडापर्यंत तुषार. प्रयाग जागीच थांबली. लग्नानंतर पहिल्यांदा ती श्रावणातलं पाणी बघत होती. आपण नव्हतो तरी हे दर श्रावणात असंच पडत होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

"आजी," चिंगी म्हणाली, "इथं पापड नाय वाळणार."

चतुराबाई हसल्या नाहीत. बराच वेळ वर बघत राहिल्या. मग प्रयागला म्हणाल्या, "लई पानी हाय गं तुझ्या माहेरी."

दगडावर गाठोडं सोडलं. पंचमीला तवा चढवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून पहाटेच उकडलेली पुरणाची दिंडं होती, अजून कोमट. खाता खाता चतुराबाई कधी नव्हे ते आपलं बोलल्या. माहेर बिडकीनचं. भाऊ एकच, तो रझाकारीत मारला गेला. पोलीस ॲक्शन झाली, सगळं निवळलं, पण पंचमी आली की दाराकडं बघायची खोड मोडता मोडेना. बिडकीनला असं पाणी होतं का, प्रयागनं विचारलं. कुठलं पाणी, त्या म्हणाल्या, लिंबाला झोका होता. आणि चिंगीच्या तोंडाला लागलेलं पुरण पुसायला लागल्या.

वारा फिरला तसा तुषारांचा झोत अंगावर आला. प्रयागचा हात सवयीनं डोक्यावरचा पदर सावरायला गेला. चतुराबाईंनी तो हात धरला आणि दुसऱ्या हातानं पदर मागं खांद्यावर सारला.

"माहेरात डोईवर पदर कशाला?"

प्रयाग तशीच भिजत उभी राहिली. मग चिंगीला घेऊन कुंडाखालच्या उथळ पाण्यात उतरली. आधी जपून, मग न जपता. मायलेकी फुगडी धरू गेल्या आणि दोघीही पाण्यात बसल्या. असं खळखळून हसताना सासूनं तिला कधी पाहिलं नव्हतं.

दुपार कलली. एस.टी.ची वेळ होत आली. चतुराबाईंनी काठावरनं हाक दिली, पुन्हा दिली.

"थोडं थांबू," प्रयाग पाण्यातनंच म्हणाली.

"उशीर झाला तर तुझी सासू बोलंल."

प्रयागनं ओले केस पिळले. "बोलू द्या की तिला."

चतुराबाईंनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या, लुगडं गुडघ्याशी आवरलं आणि पाण्यात पाय सोडून बसल्या.