अंगणातला खड्डा

सुंदराची मैना तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. सासूनं गावदेवीला कोंबडा कबूल केला. कर्जतचे डॉक्टर सुंदराला म्हणाले, "जन्मताना मेंदूला इजा झालीय. रोज आधार देऊन उभी करा, पाय शिकतील." दिवसभर धरून ठेवायला सुंदराचे हात मोकळे कुठे? दिवाळीनंतर तिनं अंगणात पोरीच्या कमरेएवढा खड्डा खणला, तळाशी पेंढा अंथरला आणि मैनाला त्यात उभं केलं. सासू ऊर बडवत धावली. "जिती पोर पुरतेस काय गं?" "पुरत नाय, आत्याबाय. उभी करते." शेजारणी हसून गेल्या. मैना रडली. सुंदरा काठावर बसून तांदूळ पाखडत राहिली. रोज असंच करता करता शिमगा आला. एका सकाळी सासू घमेलंभर माती घेऊन रिकाम्या खड्ड्याशी आली. "बुजवू नका!" सुंदरा धावली. सासूनं माती ओतून पायानं चेपली. "आता कमरेएवढा कशाला? मांडीएवढा पुरे तिला."