अरुंद तोंडाचा शंख

शंख तिनं आधी नाकाशी नेला, मग उजेडात धरला. बाहेर धुकं इतकं की घरच पाण्यात तरंगतंय असं वाटावं.

"सांग लवकर," मुलगा उंबऱ्यातूनच म्हणाला. "तिच्या टोपलीत सापडला. कुठं जाते ही?"

"बापाची घाई घेऊन आलायस. बस जरा."

तो बसला नाही. बायको सकाळीच घर सोडून गेली होती. ती कुठं गेली एवढं कळलं की पुढचं तो बघणार होता. आईचा जन्म खडकांवर कालवं काढण्यात गेलेला. तिला विचारायचं नाही तर कुणाला?

तिनं शंखाच्या तोंडाशी नख फिरवलं. "ही खोबण बघ. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायीचं तोंड गोल असतं. ही खाटकीण. खोबणीतून नळी काढते, वास घेत फिरते, कालवाला भोक पाडून आतलं सगळं गिळते."

"मला शाळा नको. जागा सांग. खाडीतली तर नाही ना? तिथून होड्या सुटतात."

"खाडीत कसली रे भीती? तिथल्यांची तोंडं पसरट, दार सताड उघडं टाकल्यासारखी. हिचं बघ, अरुंद. ही कड्याखालची. लाटा झोडपतात तिथं, दार बारीकच ठेवावं लागतं."

पटण्यासारखंच होतं. तो शंखाकडे बघत राहिला.

"कड्याखाली काय ठेवलंय तिचं?"

"मला काय विचारतोस? मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, गोगलगाय नि पोटात पाय. मान वर करायची नाही, आणि आज बघ. सापडली की आधी माझ्यापुढे उभी कर."

तो हसला. आई कुणाच्या बाजूची, हे त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. उजव्या हाताची सोललेली बोटं चोळत तो कड्याच्या वाटेला लागला. धुक्यानं आधी त्याचे पाय गिळले, मग पाठ, मग डोकं. चपलांचा आवाज तेवढा मागे राहिला, आणि तोही हळूहळू समुद्राच्या आवाजात मिसळून गेला.

तेव्हा तिनं दाराला कडी घातली आणि आतल्या खोलीचा पडदा सारला. सुनेचा सुजलेला डोळा अजून उघडत नव्हता.

"ऊठ पोरी. असला शंख खाडीतच मिळतो हे त्याला कळायच्या आत होडीत बस."