गिधाडांची पंगत

"काका, गिधाडाचं वाचा!"

वीस-बावीस पोरांनी एकच गिल्ला केला. किसननं पान उलटलं, तेही दोन बोटांनी, दुसऱ्याची उष्टी पत्रावळ उचलावी तसं. पलीकडच्या पानावर हत्ती होता. हत्ती बरा. हत्तीला वास नव्हता.

"आधी हत्तीचं वाचू," तो म्हणाला.

"हत्तीचं मागच्या रविवारी झालं!" पुढ्यात बसलेली कस्तुरा ओरडली. ती त्याचीच लेक, चौथीतली. तिच्यापुढे बापाच्या थापा चालत नसत.

पिंपरीतल्या त्या वस्तीचा रिवाजच होता. रविवारी विहारात वंदना झाली की पोरांनी जागचं उठायचं नाही. कंपनीत जाणाऱ्या बापांपैकी ज्याची पाळी असेल, त्यानं त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं. धडा पोरं निवडणार, बापानं कुरकुर करायची नाही. हा नियम खुद्द किसननंच दोन वर्षांपूर्वी बैठकीत मांडला होता. प्राण्यांचं हे जाडजूड पुस्तकही त्यानंच कामगार वाचनालयातून आणलं होतं. राजा-राणीच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, पोरांना आता खरं काहीतरी वाचून दाखवा, असं भाषणही ठोकलं होतं. आता भोगा!

त्यानं पान परत फिरवलं. चित्र पानभर होतं. माळावर मरून पडलेला बैल आणि त्याच्या फुगलेल्या पोटावर चढलेली गिधाडं. छापणाऱ्यानं लाल रंगात जराही हात आखडता घेतला नव्हता. किसनला त्या कागदातून वास आला. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचा वास, गोडसर, चिकट, घशात जाऊन बसणारा. त्या वासापायी तो शिफ्टवरून आला की दोनदा साबण लावून अंग धुवायचा. पांढऱ्याशिवाय सदरा घालायचा नाही. घरात मटण शिजवू द्यायचा नाही. बायको म्हणायची, तुमचं सोवळं भारीच! पण तिला कारण ठाऊक होतं. कस्तुराला नव्हतं. आपण लहानपणी काय केलं, काय खाल्लं, ते या पोरीला जन्मात कळू नये, एवढं एकच मागणं त्याचं होतं.

"वाचा की, किसनभाऊ," विहाराची व्यवस्था बघणारा भीमराज मागून म्हणाला. "पोरं खोळंबलीत."

किसन वाचायला लागला. गिधाडाच्या डोक्यावर पिसं नसतात, कारण जनावराच्या पोटात डोकं खुपसल्यावर ती रक्तात भिजून कुजली असती. गिधाडाच्या जठरातला रस इतका जहाल असतो, की सडक्या मांसातले रोगजंतूही त्यात मरून जातात. पोरं आ वासून ऐकत होती. मेलेल्या जनावरापाशी जेवणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी राजगिधाड. त्याचं झालं की बाकीची गिधाडं. मग कोल्हे आणि कुत्री. उरलंसुरलं कावळ्यांना.

"पंगतच की!" एक पोरगी खिदळली.

"शी! मेलेलं ढोर कोण खातं?" कस्तुरानं नाक चिमटीत धरलं. "घाणेरडी कुठली! मला तर बघूनच ओकारी येते."

मग काय, सगळाच विहार शी-शी करायला लागला. भिंतीला टेकून सोजरबाई बसल्या होत्या, वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी हळूच पदर तोंडावर ओढला आणि मान खाली घातली.

किसननं ते पाहिलं. त्याला शिसारी आली, पण या खेपेला चित्राची नाही. गावात ज्याचं ढोर मरायचं तो मालक धोतराचा सोगा नाकाला लावून लांबूनच हुकूम सोडायचा, ओढून न्या रे. ओढणाऱ्यांनी ओढायचं, मजुरी म्हणून तेच मढं घ्यायचं आणि वर घाणेरडे म्हणवून घ्यायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी किसनच्या बापानं ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला आणि घरदार घेऊन गाव सोडलं. बाप तेवढ्यात मोकळा झाला. आणि आपण? आपण त्या मालकासारखं इतकी वर्षं नाक धरून बसलो, तेही आपल्याच बापापुढे, आपल्याच आईपुढे. आज लेकीलाही तेच शिकवलं. किसनला स्वतःचीच किळस आली.

त्यानं पुस्तक मांडीवर उघडंच ठेवलं.

"कस्तुरा, पंगत परत म्हण."

"राजगिधाड, बाकीची गिधाडं, कोल्हे-कुत्री, कावळे," नाक न सोडता ती घडाघडा म्हणाली.

"एक नाव राह्यलं. लिवणाऱ्याला ठावं नसंल."

काका असं गावच्या बोलीत बोलताना पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. सोजरबाईंनी पदर खाली घेतला.

"कुणाचं नाव?" कस्तुरानं विचारलं.

"आमचं. तुज्या आज्याचं, आजीचं, माजं. मी तुज्याएवढा व्हतो. गिधाडं हाकलायला माज्या हातात काठी असायची. आमी आमचं कापून घरी न्यायचो, मग त्यांची पाळी यायची." त्यानं चित्रातल्या गिधाडांवर बोट ठेवलं. "गिधाडं आमच्या मागनं जेवायची, पोरी."

आता ही तोंड फिरवणार, किसनला वाटलं. त्यानं नजर चित्रावर रोवली. कस्तुरा उठली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"मग तुमचं पोट भरायचं का, बाबा?"